'माय फेअर लेडी' : संगीतिका की संगीत नाटक?

प्रश्न असा आहे : 'माय फेअर लेडी'विषयी मराठीत लिहिताना 'म्युझिकल कॉमेडी'ला 'संगीतिका' म्हटले तर चालेल का? आणि त्याला चाली देणाऱ्या फ्रेडरिक लो यांना संगीतकार म्हणावे की संगीत दिग्दर्शक?

'संगीतिका' मी तरी वापरणार नाही. हा शब्द आपल्याकडे ऑपेरासाठी आणि आकाशवाणीवरच्या, गाण्यांतूनच कथा सांगणाऱ्या प्रकारासाठी रुळला. मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण' ही संगीतिका. 'माय फेअर लेडी'ची घडण निराळी आहे. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेल्या आणि २,७१७ प्रयोग झालेल्या या नाटकात पात्रे भरपूर बोलतात. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधले कितीतरी संवाद लेखक-गीतकार ॲलन जे लर्नर यांनी जवळजवळ तसेच ठेवले आहेत. गद्य आणि पदे अशी वीण असलेल्या नाटकाला आपल्याकडे नाव आहेच : संगीत नाटक. विनोदी अंग सांगायचे असेल तर विनोदी संगीत नाटक. 'संगीत सुखात्मिका' चुकीचे नाही, पण बोलताना कोणी म्हणणार नाही.

'संगीत नाटक म्हटले की ऑर्गन, तबला आणि वन्समोअर. ब्रॉडवेचा तिथे काय संबंध?' अशी हरकत कोणी घेईल. त्यांनी 'संशयकल्लोळ' आठवावे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आधी 'फाल्गुनराव' या नावाने गद्यात लिहिले आणि पुढे त्यात पदे घातली. 'पिग्मॅलियन'चेही तसेच झाले. १९१३ साली गद्य रूपात रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पदे आली ती शॉ यांच्या निधनानंतर.

फरक आहे तो पदाच्या वागणुकीत. आपल्याकडे गायक नट पद रंगवतो, आलापी करतो, प्रसंग तेवढा वेळ थांबतो. लो यांच्या रचनेत असे थांबायला जागाच नाही. 'द रेन इन स्पेन' पाहा. उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स, सोबत त्याचा मित्र पिकरिंग, फुलवाल्या एलायझाकडून शुद्ध उच्चारांसाठी याच शब्दांचे वाक्य घोकून घेतो आहे. एलायझा 'रेन'ला 'राइन' म्हणते, 'स्पेन'ला 'स्पाइन'. घोकून घोकून तिघेही थकलेले. मग एकदा ती सावकाश ते वाक्य म्हणते आणि प्रत्येक 'ए' जागेवर पडतो. हिगिन्स पुन्हा म्हणायला लावतो, ती म्हणते, आणि त्या घोकंपट्टीच्याच वाक्याला स्पॅनिश ठेका लागतो. हिगिन्स, पिकरिंग, एलायझा तिघेही नाचू लागतात. शॉ यांच्या मूळ नाटकात हा यशाचा क्षण रंगमंचावर घडतच नाही. गाणे काढले तर कथानकाची एक पायरीच निखळेल. असे काम करणारी पदे आपल्याकडेही आहेत. 'सौभद्रा'त कृष्ण 'नच सुंदरि करूं कोपा' म्हणतो तेव्हा रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालण्याचे सगळे काम ते पदच करते. म्हणूनही मला 'संगीत नाटक' हा शब्द तोकडा वाटत नाही.

आता लो. त्यांना संगीतकारच म्हणावे. ब्रॉडवेवर 'संगीत दिग्दर्शक' म्हणजे प्रयोगात वाद्यवृंद चालवणारा; ते काम फ्रांझ ॲलर्स यांच्याकडे होते. वाद्यमेळाची मांडणी रॉबर्ट रसेल बेनेट आणि फिलिप लँग यांची. लो यांचे काम चालींचे, आणि ते त्यांनी नट ओळखून केले. हिगिन्स झालेले रेक्स हॅरिसन गायक नव्हते, म्हणून त्यांच्या पदांच्या चाली अशा बांधल्या की शब्द तालात नुसते बोलले तरी पद उभे राहते. त्याच नाटकात एलायझा झालेल्या ज्युली अँड्र्यूजच्या गळ्यासाठी 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट'सारखी मोकळी, वर चढत जाणारी चाल आहे. लो बर्लिनचे, वडील ऑपेरेटातले, म्हणजे हलक्याफुलक्या ऑपेरातले, गायक. गळा ओळखण्याची ही नजर घरातूनच आली असावी असे मला वाटते.

जाता जाता : पुलंच्या 'ती फुलराणी'ला (१९७५) 'मराठीतली माय फेअर लेडी' म्हणतात, तेही टाळावे. पुलंनी आधार घेतला तो शॉ यांच्या गद्य नाटकाचा. तेव्हा लिहिताना 'पिग्मॅलियनचे मराठी रूप' असे लिहावे.