बोस्टनला मुलीकडे येतोय. तिथे दोन-तीनशे वर्षं जुनी, पण नुसतं संग्रहालय नसलेली, बसून जेवता येईल अशी जागा आहे का?

आहे, आणि उत्तम चालते. सडबरी गावातलं वेसाइड इन, म्हणजे एक जुनी सराय. बोस्टनच्या पश्चिमेला, रहदारी नसेल तर गाडीने तासाच्या आत.

१७१६ साली डेव्हिड हाऊ यांनी राहत्या घरातच वाटसरूंची सोय सुरू केली. बोस्टनचा टपालरस्ता दारावरूनच जायचा, त्यामुळे गिऱ्हाईक आयतं यायचं. चार पिढ्या सराय चालली. १८६१मध्ये शेवटचे हाऊ वारले आणि ती बंद पडली. दोनच वर्षांनी कवी लाँगफेलोंचं ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ आलं आणि बंद घराचं नाव सगळीकडे झालं. १८९७मध्ये एडवर्ड लेमन यांनी ते विकत घेतलं आणि लाँगफेलोंचं नाव देऊन पुन्हा पाहुणे घ्यायला सुरुवात केली.

१९२३मध्ये मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने सराय विकत घेतली. मोटारींची वर्दळ सरायच्या अंगणातून नको म्हणून त्याने हमरस्ताच बाजूने वळवला! आज तिथे जी शांतता मिळते ती त्यामुळेच. डिसेंबर १९५५मध्ये मोठी आग लागली, आतला बराच भाग गेला. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून दुरुस्ती होऊन १९५८मध्ये दारं पुन्हा उघडली. त्यामुळे आत दिसणारं प्रत्येक लाकूड तीनशे वर्षांचं नाही, हे आधीच सांगतो. मला त्याने काही फरक पडत नाही, कारण इथे जेवणाच्या पंगती अजून उठतात आणि त्यावरच घर उभं आहे.

जेवणाआधी चालत पाणचक्कीपर्यंत जाऊन या. फोर्डने १९२९मध्ये बांधलेली दगडी इमारत, बाजूला भलंमोठं लाकडी चाक, आत जात्याचे दगड. तिथलं पीठ सरायच्या भटारखान्यात वापरतात, म्हणून टेबलावर येणारा गरम पाव आधी खा. शेवटी इंडियन पुडिंग मिळालं तर नक्की मागवा: मक्याचं पीठ, दूध आणि काकवीसारखा मोलॅसिस, मंद आचेवर खूप वेळ भाजलेलं. आपल्या जिभेला ते पटकन रुचतं. बाकी पदार्थ बरेचसे मांसाहारी, शाकाहारी असाल तर टेबल राखतानाच बोलून घ्या.

बसायला जुन्या बाररूममध्ये जागा मागा. छत बुटकं, तुळया काळ्याभोर. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा फार गर्दी असते, तेव्हा येणार असाल तर मुलीला आजच फोन करायला सांगा.