हिस्टामिनच्या पेशी शोधताना

हिस्टामिन हा संदेशवाहक रेणू बनवणाऱ्या चेतापेशी सबंध मेंदूभर शोधत बसू नकोस. उंदीर असो की माणूस, त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, ट्यूबेरोमॅमिलरी केंद्रक या पेशीसमूहात एकवटलेल्या असतात. माणसात जेमतेम ६४,०००च्या आसपास. त्यांचे तंतू मात्र कॉर्टेक्सपासून मज्जारज्जूपर्यंत पोचतात. म्हणून थॅलॅमसमध्ये मणी ओवल्यासारखे बारीक तंतू दिसले तर ठीक, पण गोल पेशी चमकली की आधी शंका घे. ती बहुधा मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामिन साठवणारी रोगप्रतिकारक पेशी असते: रक्तवाहिनीला चिकटलेली, कणांनी गच्च भरलेली, फांद्या नसलेली. शेजारचा काप टोलुइडिन ब्लूने रंगव, कण जांभळट दिसले की खात्री पटेल.

खरी मेख फिक्सेशनमध्ये, म्हणजे ऊती रसायनाने पक्की करण्यात आहे. हिस्टामिनचीच अँटिबॉडी (ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन) वापरणार असशील तर नुसत्या पॅराफॉर्मल्डिहाइडवर विसंबू नकोस. एवढा छोटा रेणू त्याने ऊतीत नीट धरला जात नाही, कार्बोडायइमाइड लागतं. हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेज या हिस्टामिन बनवणाऱ्या एन्झाइमची अँटिबॉडी त्या मानाने सोपी, पण काही अँटिबॉडी डोपा डीकार्बॉक्सिलेज या डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाही धरतात आणि डोपामिनच्या पेशी तुझ्या नकाशात घुसतात. १९८४ साली वेगवेगळ्या गटांनी या दोन वाटांनी जाऊन एकच जागा दाखवली, म्हणून तर मला तो नकाशा इतका भरवशाचा वाटतो. आणि हो, हे केंद्रक सलग गोळा नाही, विखुरलेले पुंजके आहेत. मधले काप गाळू नकोस.