बंद काय केलंत, ते सांगा

"मॅडम, चांगलं खायला लागले आणि डोकं दुखायला लागलं." हे वाक्य गोव्यातल्या माझ्या आहार-समुपदेशनाच्या खोलीत बारा महिने ऐकू येतं. श्रावण लागला की जरा जास्त, चतुर्थीचे लाडू-नेवऱ्या संपल्या की आणखी जास्त, आणि जानेवारीत सगळ्यात जास्त. कुणी बँकेत असतं, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जातं, कुणी घर सांभाळतं. वजनासाठी, साखरेसाठी किंवा रिपोर्टातल्या कोलेस्टेरॉलसाठी खाणं सुधारलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानशिलं ठणकायला लागतात आणि माणूस दोनांपैकी एक समजूत करून घेतो. एक तर हे खाणं आपल्याला मानवत नाही. नाहीतर शरीरातली घाण बाहेर पडते आहे, तेव्हा सोसायलाच हवं.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, पण दुसरी जास्त घातक. नको असलेली द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. त्यांना ना पपईची वाट पाहावी लागते ना काकडीच्या पाण्याची, आणि ते काम चालू असताना डोकं दुखत नाही. खाणं बदलल्यावर डोकं दुखतं तेव्हा बहुतेक वेळा शरीर काहीतरी मागत असतं. काय मागतं आहे, ते शोधावं लागतं.

डिचोलीच्या बाजूच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं बोलणं आवळून घेतलं आहे.

ताई चाळिशी ओलांडलेल्या. घरातच पुढच्या खोलीत मशीन, ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम. रक्तातली साखर सीमेवर आली होती, म्हणून त्यांनी मनापासून आहार बदलला. डोकं दुखायला लागल्यावर आधी डोळे तपासून नवा चष्मा केला. मशीनच्या सुईवर नजर लावून बसणाऱ्या बाईने हे करणं अगदी योग्य होतं. चष्म्याने फरक पडला नाही. मग गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्या भेटीत त्या नवा आहार कौतुकाने सांगत होत्या. सकाळी गरम पाणी-लिंबू, मग वाटीभर पपई आणि पाच बदाम. दुपारी मोठी वाटी डाळ, दोन उकडलेली अंडी, कोशिंबीर. रात्री भाज्यांचं सूप, त्यात थोडं पनीर. यादी वाईट नव्हती.

"हे झालं सुरू केलेलं," मी म्हटलं. "आता बंद काय केलंत, ते सांगा."

"वाईट तेवढंच बंद केलं."

"वाईट म्हणजे?"

त्या बोटं मोजायला लागल्या. पोदेराची पोई (पाववाल्याचा कोंड्याचा पाव) बंद. चहा बंद. साखर तर बंदच. शीत (भात) बंद. अकराची पेज बंद, पेजेबरोबरचं चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) बंद. सुक्या बांगड्याची किसमूर (कोशिंबिरीसारखं तोंडीलावणं) बंद. जेवणातलं मीठ अर्धं. उजव्या हाताची बोटं संपली तेव्हा त्यांनी डावा हात पुढे घेतला आणि मध्येच थांबल्या.

"हे सगळं एकाच दिवशी?"

"सोमवारी. मग चार दिवसांत सुटायचं आणि परत पुढच्या सोमवारी धरायचं. यंदा मात्र पंधरा दिवस टिकवलंय."

त्यांच्या आवाजात त्या पंधरा दिवसांचा अभिमान होता. दुखणं सोसणं हा त्यांना आहाराचाच एक भाग वाटत होता. उपासासारखा, जितका कडक तितका फळणारा. आहाराचं समुपदेशन करणाऱ्याने हे ओळखायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. तक्ता बदलून देणं सोपं असतं. त्रास झाला म्हणजे पुण्य जमलं हा हिशेब मनातून निघाला नाही, तर माणूस नव्या तक्त्यातही त्रास शोधून काढतो.

डोकं नेमकं कधी दुखतं, हे त्यांना सांगता येईना. "सारखंच," म्हणाल्या. पुढच्या भेटीला मी गिऱ्हाइकांची वही मागवली. शिवणारी बाई तारखा पाळते, आणि तारीख चुकली की कारण लिहून ठेवते. वहीत तेच होतं. जिथे जिथे सोमवारी आहार सुरू झाला होता, तिथे मंगळवार-बुधवारी "डोके दुखले, ब्लाउज उद्या" अशी नोंद. पंधरा दिवस टिकलेल्या खेपेला मात्र पहिल्या आठवड्यानंतर नोंदी बदलल्या होत्या. आता कामं अख्खा दिवस अडत नव्हती. सकाळच्या गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळत होते. अडत होती ती दुपारच्या आधीची आणि दिवेलागणीची.

आम्ही दोघी बराच वेळ ती पानं उलटत होतो. त्यांनीच एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही साडेअकराला यायची, तिला परत पाठवली. ही पण साडेअकराचीच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, साडेअकरा म्हणजे पेज पोटात जाऊन अर्धा तास झालेला असतो."

"आणि आता?"

"आता सकाळच्या पपईवरच असते."

त्या क्षणापर्यंत त्या एक डोकेदुखी घेऊन फिरत होत्या. वहीत दोन सापडल्या. एक मंगळवार-बुधवारची, दिवसभराची. दुसरी रोजची, ठरल्या वेळेची. कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. माझ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. कारण मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. त्यांनी स्वतःच्या अक्षरात वाचलं, म्हणून पटलं.

पहिली डोकेदुखी चहाची. ताई दिवसाला पाच कप चहा घ्यायच्या, चांगला उकळलेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हैदराबादमधल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत १५० मिलीच्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं आहे. पाच कपांत दीडशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅम झालं. कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आवळून धरतं आणि शरीर त्या बेताने स्वतःला जुळवून घेतं. ते अचानक थांबलं की वाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास शिगेला पोचतं आणि दोन ते नऊ दिवस राहतं. सोमवारी चहा सोडणाऱ्याचा मंगळवार-बुधवार का वाया जातो, ते यावरून कळेल. रोज दोन-तीन कपच घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं. "मी काही फार चहा पीत नाही" म्हणून हे कारण बाजूला टाकू नये.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. दर तीन-चार दिवसांनी एकच कप कमी करायचा. आधी संध्याकाळचा, कारण तो झोपही बिघडवतो. सकाळचा सगळ्यात शेवटी, आणि तो सोडलाच पाहिजे असं मुळीच नाही. साखरेचं काम वेगळं धरायचं. दर कपात दोन चमचे असतील तर आधी दीड, मग आठवड्याने एक. पाच कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसती चहातून जाते. ताईंचा खरा शत्रू ती साखर होती, आणि शिक्षा मिळाली चहाला.

दुसरी डोकेदुखी रिकाम्या पोटाची आणि मिठाची. त्यांच्या नव्या आहाराची बेरीज जेमतेम ७०० उष्मांक भरली. आयसीएमआरच्या कोष्टकानुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० च्या आसपास असते. वजन उतरवायचं असलं तरी निम्म्याहून खाली जायचं कारण नाही. त्यात भात-पोई दोन्ही बंद. कर्बोदकं एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट बरीचशी याच पाण्याची. सोबत इन्शुलिन उतरतं, मग मूत्रपिंडं सोडियमही जास्त बाहेर टाकतात. अशा वेळी ताईंनी मीठ अर्धं केलं आणि पंख्याखाली घामाघूम होत मशीन चालवलं. डोकं दुखलं नसतं तरच नवल.

आमच्या आज्यांची अकराची पेज म्हणजे उकड्या तांदळाचं सत्त्व, भरपूर पाणी आणि तोराच्या फोडीतून मीठ, तेही घाम येणाऱ्या वेळेला. दमट हवेत कष्ट करणाऱ्या माणसासाठी ही फार विचारी न्याहारी आहे. परदेशी ओट्सच्या पाकिटासाठी ती टाकून देणारी माणसं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. सीमेवरच्या साखरेला पेज चालते का, असं ताईंनी विचारलं. चालते, पण एकटी नको. मूठभर उकडे तांदूळ, आणि सोबत वाटीभर अळसांदे (चवळी), मूग किंवा कुळथाची उसळ. डाळी-कडधान्यांमुळे साखर हळू चढते. तोर पाण्यात थोडा वेळ ठेवून एक लहान फोड घ्यायची, तोंडी लावण्यापुरती.

मिठाबाबत गैरसमज नको. दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट एक चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपल्याकडे लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी धरून ती सहज ओलांडली जाते. मीठ कमी करायलाच हवं. फक्त भात, पोई, चहा बंद केला त्याच आठवड्यात नको. ज्यांना रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी मात्र डोकं दुखतं म्हणून स्वतःहून मीठ वाढवू नये. आधी दाब मोजावा. खाणं आणि वजन कमी झाल्यावर जुनी मात्रा जास्त होऊन दाब उतरलेला असू शकतो, आणि मग गोळीचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो.

काहींच्या बाबतीत उलटंही घडतं. कुणीतरी सांगितलं म्हणून चार-पाच लिटर साधं पाणी घटाघट प्यायलं जातं आणि खाणं नगण्य. रक्तातलं सोडियम पातळ झालं तरी डोकं दुखतं, मळमळतं. पाणी तहानेप्रमाणे आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं पुरे. घाम फार गेला असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा कोकमचं पाणी घ्यावं.

ताईंचा तक्ता असा बसला. सकाळी एक चहा आणि कोंड्याची एक पोई, सोबत पातळ भाजी. अकराला पेज आणि उसळ. दुपारी शिताच्या दोन पळ्यांऐवजी एक, हुमण (माशांची आमटी) नेहमीचं, भाजी दुप्पट, रवा लावून तळलेली मासळी आठवड्यातून एकदाच. पाचच्या सुमारास उकडलेले चणे किंवा मूठभर शेंगदाणे, म्हणजे दिवेलागणीचं दुखणं तिथेच अडतं. रात्री एक भाकरी, डाळ, भाजी. सूप हवं तर भाकरीआधी, भाकरीऐवजी नाही. बदल एका वेळी एकच, आणि दुसरा आठवड्यानंतर.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढं खाऊन कसं होणार?" जुन्या आहारातून काय गेलं ते आम्ही मोजलं. चहातली बरीचशी साखर, एक पळी शीत, तळण, संध्याकाळची भजी. एवढ्यानेच तीनशे-चारशे उष्मांक सहज कमी होत होते. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्रास न होता पण चालतं."

"चालतं," मी म्हटलं.

हे वाक्य त्यांच्या तोंडून येण्यासाठी बऱ्याच भेटी खर्ची पडल्या. साडेअकराचं दुखणं पेज परत आल्यावर काही दिवसांतच गेलं. चहा हळूहळू दोन कपांवर आला, आणि त्या उतरणीवर एकही मंगळवार वाया गेला नाही.

गोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफीनही असतं. चहा सोडून अशी गोळी घेतली की लगेच बरं वाटतं, कारण शरीराला हवं ते दुसऱ्या वाटेने मिळालेलं असतं. गोळी उतरली की डोकं पुन्हा मागतं. पाकिटावरचे घटक वाचावेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळी १० दिवस किंवा जास्त, असं काही महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. डोकं दुखतं आहे, हात थरथरताहेत, घाम फुटला आहे, अशा वेळी लगेच साखर तपासावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. आणि काही डोकेदुख्यांचा आहाराशी संबंध जोडत बसायचं नसतं. क्षणात उठलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर कळ, तापाबरोबर मान ताठरणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात दिसायला अंधुक होणं, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) किंवा जवळचं इस्पितळ गाठावं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही आधी डॉक्टरांना दाखवावी.

आणि हे वाचत असताना कुणाचा सगळं सोडून दुसरा-तिसरा दिवस चालू असेल, कपाळ बांधून पडून असाल, तर आता अर्धा कप चहा घ्या. दुपारच्या जेवणात वाटीभर भात, डाळ आणि नेहमीचं मीठ येऊ द्या. उद्या कागद घेऊन सोमवारी काय काय बंद केलं ते लिहा, त्यातली एकच गोष्ट निवडा आणि बाकीच्या परत ताटात घ्या.