आजीच्या हाताचे प्रमाण

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आजीच्या हातचे पदार्थ लिहून ठेवायचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र तिने फोनवर सांगितल्यावरून तू जी टिपणे काढली आहेस, ती पाहून तितकीच काळजीही वाटली. 'कांदे दोन, मसाला दोन चमचे, मीठ चवीपुरते' अशी एक यादी मीही एकदा लिहिली होती. तिचे काय झाले ते आधी सांगते, म्हणजे मी तुला लालबागला आजीच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष जाऊन उभे राहायला का सांगते आहे, ते कळेल.

१९८४ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीतून बोरिवलीला आले, त्याच्या आदल्या आठवड्यात आईकडून वालाच्या बिरड्याची कृती घाईघाईने वहीत उतरवून घेतली होती. वाल दोन वाट्या, ओले खोबरे मूठभर, आमसुले चार, गूळ सुपारीएवढा, फोडणीला ओवा आणि हिंग. जिन्नस सगळे बरोबर होते. कडवे वाल रात्री भिजवावेत, सकाळी उपसून फडक्यात बांधावेत, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलावेत, हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे तिथे चूक होण्याचा प्रश्न नव्हता. तरीही माझ्या बिरड्यात डाळिंब्या, म्हणजे हे सोललेले वाल, कधी नीट शिजत नसत. वरून मऊ दिसत आणि दाताखाली कचकन लागत. मी वालांना दोष दिला, बोरिवलीच्या पाण्याला दिला, दुकानही बदलून पाहिले.

पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आई पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती, पण मी बिरडे टाकले तशी ती ओट्याशी येऊन उभी राहिली. पातेल्यावर पाणी घातलेले ताट झाकलेले होते. तिने ते बाजूला केले, डावाने एक डाळिंबी काढली, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली आणि विचारले, "आमसुले कधी घातलीस?" मी ती फोडणीबरोबरच घालत होते, कारण वहीत ती खोबऱ्याच्या खाली आणि गुळाच्या वर लिहिलेली होती. आंबट आधी पडले की कडधान्य शिजायला अडते; म्हणून डाळिंबी बोटाने चेपली जाईपर्यंत आई आमसूल आणि गूळ हाताशीसुद्धा घेत नसे. मधे पाणी लागलेच तर ताटावरचे तापलेले पाणीच घालत असे, गार पाणी कधीही नाही. हे तिने मला सांगितले नव्हते, कारण हे सांगण्यासारखे काही आहे असे तिला कधी वाटलेच नव्हते. तिच्या दृष्टीने ते सांगणे म्हणजे पातेले चुलीवर ठेवायचे असते, हे सांगण्यासारखे होते.

तेव्हा आजीला 'किती' हे विचारण्याआधी 'कशावरून कळते' हे विचार. मसाला परतला गेला हे ती रंगावरून ओळखते, वासावरून ओळखते की कडेने सुटलेल्या तेलावरून, ते लिहून घे. कढईचा आवाज कुठल्या क्षणी बदलतो, तेही लिही. प्रमाण हवेच असेल तर एक लहान वजनकाटा घेऊन जा, आणि तिने मुठीत घेतलेला जिन्नस भांड्यात पडण्याआधी त्यावर ठेवायला सांग. तिची वाटीही मोजून घे, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते आणि सुनांच्या वाटणीत ती कुठे जाईल, याचा नेम नसतो.

तुझ्या आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे, हे तू पत्रात एका ओळीत उरकले आहेस. त्या ओळीवर थांब. कोकणातून आणि घाटावरून आलेले, एकेका खोलीत गटागटाने राहणारे पुरुष पाळीवरून सुटून जेवायला येत, तेव्हा मालवणी जिभेला आणि सातारी जिभेला एकाच पातेल्यातून जेवू घालणे सोपे नव्हते. तिचा मसाला आज जसा आहे तसा तो कदाचित त्या पंगतींमुळेच झाला असेल. बेडगी मिरची किती आणि संकेश्वरी मिरची किती, हे विचारताना ते तसे का, हेही विचार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते सावकाराच्या कर्जात अडकलेल्या अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आजीचा त्याच्याशी संबंध आला होता का, हे तिला जरूर विचार.

आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यानंतर चुलीवर काय शिजत होते, तेही विचारायला संकोचू नकोस. गणपतीतले मोदक, लग्नातले वडे यांच्याविषयी ती आपणहून भरभरून बोलेल. पण कामगार गावी निघून गेले, येणी बुडाली, आणि घरात डाळ पुरवून पुरवून वापरावी लागली, तेव्हाच्या पदार्थांना ती पदार्थ मानतच नसेल. ते 'काय लिहायचे त्यात' असे ती म्हणेल. तू लिही. मात्र तिचे डोळे भरून आले तर वही मिटून ठेव आणि चहा टाक. उरलेले पुढच्या खेपेला होईल.

पाट्याऐवजी मिक्सर आला, स्टोऐवजी गॅस आला, म्हणून अस्सलपणाच्या वादात शिरू नकोस. आजी आज जसे करते तसे लिही, आणि पूर्वी वेगळे करत असेल तर तेही शेजारी लिही.

आता जुलै चालू आहे. यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे बाजारात ताजी मासळी थोडीच, आणि आजीने उन्हाळ्यातच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करून सुका जवळा डब्यात भरून ठेवला असणार. तुझ्या यादीत जवळ्याची चटणी पहिली आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. श्रावण लागण्याआधीचा एखादा रविवार गाठ आणि सकाळी लवकर जा, म्हणजे डबा उघडण्यापासून सगळे पाहायला मिळेल. जवळा ती आधी भाजून मग धुते की धुऊन, पिळून मग परतते, एवढे मात्र मला त्याच दिवशी कळव; आमच्या चाळीत यावर दोन बिऱ्हाडांत दोन मते होती, आणि तुझ्या आजीचे मत काय आहे, याची मला खरोखरच उत्सुकता आहे.

तुझी,
बाई