२६ जानेवारीला जोडून तीन रात्री : महाबळेश्वर, दापोली की नाशिकची वाईनरी?

पुण्याहून स्वतःची गाडी, सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी, आणि मनात तीन ठिकाणं. तुमच्या प्रश्नात एवढी माहिती आहे. तेवढ्यावर माझं उत्तर : दापोलीचा किनारा. माझं आजोळ त्याच तालुक्यातलं आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. पण कारणंही देते.

रिसॉर्टचे फोटो एकतर सूर्योदयाचे असतात नाहीतर दिवे लागल्यावरचे. खरा प्रश्न मधल्या वेळेचा. नाश्ता आटोपल्यापासून चारच्या चहापर्यंत तिथे सगळे करणार काय? आणि तुमच्यात सगळ्यात कमी चालणारं कोण, त्याचं काय? जागा याच दोन गोष्टींवर ठरवावी.

नाशिक आधी बाजूला काढू. तशी जानेवारी ही तिकडे जायची उत्तम वेळ. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, वेली भरलेल्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसत्या काड्या उरतात, आणि मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत जाणारे लोक घड नसलेल्या वेलींसमोर फोटो काढून येतात. पण २६ जानेवारीला ड्राय डे. म्हणजे तीनातला एक दिवस टेस्टिंगही नाही आणि बाटलीही नाही. शिवाय गंगापूर धरणाच्या बाजूच्या त्या मुक्कामाची गंमतच मोठ्यांच्या निवांत दुपारीत आहे. आधी टूर, मग शेनिन ब्लां की शिराझ यावर चर्चा, मग लांबलेलं जेवण. त्या वेळात आजीआजोबा आणि नात काय करणार? त्यांना पंचवटी-त्र्यंबकेश्वर दाखवायचं ठरलं तर रिसॉर्टचे पैसे फक्त झोपायला मोजल्यासारखे. तिथे तुम्ही दोघंच जा, फेब्रुवारीत, आणि मधल्या वारी. शनिवारी चाकणच्या वाहतुकीतच निम्मा उत्साह संपतो.

महाबळेश्वरची बाजू त्यापेक्षा भक्कम आहे. साडेचार हजार फुटांवर जानेवारीत भर दुपारीही बाहेर हिंडता येतं, स्ट्रॉबेरी ऐन हंगामात असते, आणि क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर आईवडिलांना नक्की आवडेल. अडचण तारखेची आहे. जोडसुट्टीत वाई सोडून पसरणी घाटाला लागलात की पुढे पाचगणी, वेण्णा लेक, बाजारपेठ, सगळीकडे गाड्यांच्या रांगा. बरेचसे पॉइंट गाडीतून उतरून पायऱ्यांनी गाठायचे. प्रतापगडाच्या पायऱ्या तर विचारूच नका. मग होतं असं की तरुण मंडळी पॉइंट पाहून येतात आणि म्हातारी माणसं गाडीत बसून चणे खातात. रात्रीची थंडीही गुडघ्यांना सोसणारी नसते. तारखा बदलता येत असतील, तर डिसेंबरातल्या मंगळवार-बुधवारी मी स्वतः महाबळेश्वरच निवडेन.

आता दापोली. जानेवारीत कोकणातला घाम नसतो. सकाळ-संध्याकाळ चक्क गार असते. मुरुड आणि कर्दे इथली वाळू सपाट, घट्ट आणि रुंद आहे. सांधे दुखणाऱ्या माणसाला पायरी न चढता मनसोक्त चालायला अशी जागा डोंगरावर मिळत नाही. मुलीला तर खेळणंसुद्धा न्यायला नको. ऊन चढलं की माडाखाली किंवा ओसरीवर बसायचं, जेवायचं, झोपायचं. इथली दुपार आळशीच असते आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच झोप येते, हा मोठाच फायदा. चारनंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला जा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती नावावरून अवघड वाटतो, पण गाडी वरपर्यंत जाते.

बुकिंगच्या वेळी दोन फसगती टाळा. एक मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, जंजिऱ्याजवळचं. तुम्हाला हवं ते रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. आणि पत्त्यात नुसतं ‘दापोली’ असेल तर नकाशा उघडून बघा. दापोली शहर वर डोंगरावर आहे, ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात त्याला. तिथून समुद्र गाठायला दरवेळी गाडी काढावी लागते.

समुद्राची वेळ तिथीवरून काढायची आमच्याकडची रीत सांगते : तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण मुलीला वाळूत कधी न्यायचं ते ठरवायला पुरतो. पाण्यात उतरण्याआधी मात्र गावातल्या माणसाला विचाराच. ओहोटीत पाणी आत ओढतं, आणि पोहता येणारेच जास्त आत जातात.

जाताना ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे मंडणगडमार्गे दापोली. थांबत थांबत पाच-सहा तास धरा. वळणं बरीच आहेत, मुलीला निघताना पोटभर खायला घालू नका. कासवाची पिल्लं पाहायची आशा तिला आत्ताच दाखवू नका. वेळास-आंजर्ल्याला ती साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत दिसतात.

राहायला मोठ्या रिसॉर्टपेक्षा किनाऱ्यालगतची, वाडीतली घरगुती सोय मी निवडेन. स्विमिंग पूल नसेल, पण जेवण घरचं असतं. फोनवर एवढं विचारून घ्या : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि वाळूवर जायला गेटमधूनच वाट आहे की गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. आईवडील शाकाहारी असतील तर तेही तेव्हाच सांगा. काही घरी स्वयंपाक फक्त शाकाहारीच असतो, काही ठिकाणी एकाच चुलीवर सुरमई तळली जाते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगावं लागतं.