‘सगळे’ म्हणजे कोण गं?

प्रश्न : मी पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवते. आमचा एक ढोलवादक सारखा लयीत मागे पडतो. चहाच्या टपरीवर बाकीच्या ताशावाल्यांशी बोलले, त्यांनाही तेच वाटत होतं. मग सरावानंतर त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, ‘सगळ्यांचंच म्हणणं आहे, जरा लक्ष दे.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि चार दिवस सरावाला आलेला नाही. तो शेवटच्या रांगेत असतो, त्यामुळे आमचं एरवी फारसं बोलणं नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : बाजूला घेतलंस, आवाज चढवला नाहीस, ते ठीक. पण ‘सगळ्यांचंच’ हा शब्द मला फार लागला, मग त्याला किती लागला असेल! त्या एका शब्दात त्याला कळलं की टपरीवर आपला विषय निघाला, निकाल लागला आणि तो ऐकवायला तुला धाडलं. अशा जागी परत ढोल बांधायला कोणाचे पाय वळतील?

आणि त्या टपरीवर शेवटच्या रांगेतलं एक तरी माणूस होतं का? मी तीन वर्षं मागच्या रांगेत ढोल वाजवलाय. मध्ये चाळीस ढोल घुमत असताना तिथे ताशा धड ऐकू येत नाही. पुढच्याच्या खांद्याकडे बघून ठोका धरावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मिरवणुकीत हा ढोलवादक तुमच्यापासून 30-35 मीटर मागे असेल, तर ताशाचा ठोका त्याला जवळजवळ सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो, आणि त्याचा ढोल तुमच्या कानी यायला पुन्हा तेवढाच वेळ. त्याने ऐकू आलेला ठोका अगदी चोख धरला, तरी तुम्हा पुढच्यांना तो मागेच वाटणार.

त्याला फोन कर. मेसेज नको. म्हण, ‘सगळ्यांचं म्हणाले ते चुकलं, माझं मत माझ्या नावाने सांगायला हवं होतं. ये, आज तुझा ढोल मी बांधते, तू ताशाजवळ उभा राहून ऐक.’ आणि खरंच शेवटच्या रांगेत जाऊन एक अख्खा हात, म्हणजे तालाचा एक ठरलेला तुकडा, वाजव. त्यानंतरही त्याचं चुकतंय असं वाटलं तर जरूर सांग, पण नेमकं सांग. ‘लक्ष दे’ म्हटल्यावर त्याने काय सुधारायचं? ‘तिसऱ्या हातात थापीनंतरचं टिपरू (तळव्याच्या थापेनंतरचा काठीचा ठोका) उशिरा पडतं’ म्हणालीस, तर तो रात्री उशीवर वाजवून बघेल.

फोन आजच, सरावाला निघायच्या आधी.