१९९० च्या दशकातील अमेरिकी गुन्हेगारी मालिकांत एचआयव्ही आणि खून यांची सांगड कशी घातली जाई?

याचे चांगले उदाहरण म्हणजे एनबीसी वाहिनीवरील 'लॉ अँड ऑर्डर' मालिकेच्या पहिल्याच हंगामातील, १९९० मधला 'द रीपर्स हेल्पर' हा भाग. न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णाचा मृतदेह सापडतो आणि हा खून आहे की मरणाला केलेले साहाय्य, असा प्रश्न उभा राहतो. या मालिकेचा साचा ठरलेला आहे: पूर्वार्धात पोलिसांचा तपास आणि उत्तरार्धात सरकारी वकिलांचा खटला. त्यामुळे गुन्हेगार कोण हे मध्यावरच बहुधा कळते आणि खरी उत्कंठा त्याच्या कृत्याला नाव काय द्यायचे याची राहते. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण रुग्णाची संमती, त्याच्या वेदना आणि कायद्याची भाषा या तिन्ही गोष्टी न्यायालयात उघडपणे बोलल्या जातात.

काळाचा संदर्भ मात्र विसरून चालणार नाही. एझेडटी हे एचआयव्हीवरील औषध अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाले होते, तरी आयुष्य खऱ्या अर्थाने लांबवणारे संयुक्त औषधोपचार (एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत) १९९६ च्या सुमारास आले. म्हणून त्या वेळच्या कथेत निदान म्हणजे जवळजवळ मृत्युदंडच असे. पुढे अनेक मालिकांनी जाणूनबुजून संसर्ग पसरवणारा खलनायक रंगवला. विषाणूलाच शस्त्र ठरवणारा हा संकेत मला अन्यायकारक वाटतो. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आज सिद्ध झालेले आहे.